कसर

आमच्या लॅबमध्ये व्होल्टेज मोजायचा एक मीटर आहे. वायरमन खिशातून काढतो त्याच घराण्यातला, पण हा त्या घराण्यातला शिकलेला, नाजूक प्रकृतीचा आणि मानपान असलेला. वायरमनचा मीटर ‘दहा’ म्हणतो आणि मोकळा होतो. आमचा दहाच्या पुढे टिंब देऊन आकड्यांमागून आकडे सांगत जातो, आणि त्यातल्या अगदी शेपटाकडच्या आकड्यांवरही लोकांनी विश्वास ठेवावा अशी त्याची अपेक्षा असते. कंपनीतली मोजमापाची बाकी सगळी यंत्रं याच्याशी ताडून पाहायची, त्यामुळे हा चुकला की सगळेच चुकले.

दोन-तीन वर्षांपूर्वी हा मीटर दुपारचा सरकायला लागला. सकाळी ठणठणीत. जेवणानंतर शेवटचे आकडे हळूहळू खाली उतरायचे आणि ऑफिस सुटायच्या सुमाराला पुन्हा गुपचूप जागेवर यायचे. तापमान बदललं की अशी यंत्रं सरकतात, त्यात नवल नाही. पण आमची खोली दिवसभर तेवीस डिग्रीवर बांधून ठेवलेली, आणि भिंतीवरचं थर्मामीटर शपथेवर सांगत होतं की काही बदललेलं नाही. त्याच दिवसांत मीही सकाळी ठणठणीत आणि दुपारी ढेपाळलेली असे. मीटरची काळजी सगळ्या ऑफिसला होती. माझ्या छातीत काय चाललं होतं त्याची मलासुद्धा नव्हती, आणि खरं पणाला लागलं होतं ते तेच.

मी पुण्याची. हे सांगावं लागत नाही, मी तोंड उघडलं की कळतं, असं माझा नवरा म्हणतो. त्याच्या नोकरीपायी आम्ही बंगळूरला आलो आणि मारतहळ्ळीत भाड्याने राहिलो. इंग्रजीत ते ‘मराठाहल्ली’ असं लिहिलेलं वाचून माझ्या काकांना वाटलं की तिथे सगळे मराठेच राहत असणार. मला नोकरी मिळाली बेळ्ळंदूरला, रिंग रोडवरच्या एका कंपनीच्या आतल्या बिनखिडक्यांच्या खोलीत. अंतर म्हणाल तर हाकेवर, ट्रॅफिक धराल तर परगावी.

त्या लॅबच्या प्रमुख म्हणजे अक्का. ऑफिसात लहानथोर सगळे त्यांना अक्काच म्हणत. त्यांचं घर जुन्या बंगळुरातल्या चामराजपेटला. घराणं मराठी, पण इकडे कुठल्या पिढीत आलं ते त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. त्या माझ्याशी मराठीत बोलत, आणि त्या मराठीत मी कधी न ऐकलेले जुने शब्द आणि कानडी शब्द शेजारीशेजारी नांदत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ऊट झालं का विचारलं, तेव्हा मी उंटाचा विचार करत उभी राहिले. ऊट म्हणजे जेवण. हे कुठलं मराठी, असं मी एकदा हसत विचारलं, तर म्हणाल्या, तुमच्या पुण्यातल्यापेक्षा जुनं. पुण्याच्या माणसाला असं गप्प करणारं माणूस मला आवडायला हवं होतं, पण सुरुवातीला मी जरा फुगूनच असे.

बिघाड शोधण्याची त्यांची एक रीत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि मग सुम्ने बसायचं. सुम्ने हा कानडी शब्द मराठीत आणता येत नाही. उगीच, गप्प, काही न करता, कारण नसताना, हे सगळं त्यात येतं. केबल बदलली की मीटर पुन्हा स्थिरावेपर्यंत सुम्ने बसायचं. आकडा हलला तरी सुम्ने, नाही हलला तरी सुम्ने. माझ्यासारख्या बाईला ही शिक्षाच. मला एकदम चार गोष्टी बदलून मोकळं व्हायची घाई असते, आणि मग काय बरं झालं आणि कशाने, हे देवालाही सांगता येत नाही.

अक्कांच्या रीतीने आम्ही मीटरच्या मागे लागलो. आधी केबल बदलली, मग ज्याचं व्होल्टेज मोजत होतो ते स्टँडर्ड बदलून पाहिलं. आकडा सरकतच राहिला. मग अक्कांनी मीटरची दोन टोकं तांब्याच्या जाड तुकड्याने एकमेकांना जोडायला लावली. म्हणजे आत काहीच शिरत नाही, मीटरने शून्य दाखवायला हवं. दुपार झाली आणि शून्यसुद्धा सरकलं. अक्का खूश झाल्या. म्हणाल्या, दोष याच्या पोटात नाही, तोंडाशी आहे.

मीटरला वायर जिथे अडकवायची तिथे निरनिराळ्या धातूंचे सांधे असतात. एका सांध्याला ऊब आणि दुसऱ्याला गारवा लागला की तिथे आपणहून चिमूटभर व्होल्टेज तयार होतं. वायरमनच्या मीटरला ते दिसणारही नाही, आमच्याला मात्र लगेच झोंबतं. म्हणजे कुठून तरी वारा लागत होता. आम्ही दाराच्या फटी टेपने बंद केल्या. वारा कुठे जातो ते पाहायला अक्कांनी आपल्या पिशवीतून उदबत्ती काढली आणि फायर अलार्मची मनातल्या मनात माफी मागून पेटवली. छतातल्या एसीच्या जाळीतून हवा येत होती ती मधल्या मोकळ्या जागेत सरळ खाली उतरत होती, मीटरपासून चांगली लांब. पण ही उदबत्ती आम्ही लावली सकाळी. नवं काम ताज्या डोक्याने करावं म्हणून सगळ्या नव्या चाचण्या सकाळी, आणि मीटर बिघडायचा दुपारी. हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही, याचं मला आज हसू येतं.

या सगळ्यात मी थकत चालले होते. दुपारी अंगावर काटा यायचा. दीर्घ श्वास घेतला की उजव्या कुशीत लचक भरल्यासारखं व्हायचं. त्याचं खापर मी बसच्या वाटेवरच्या खड्ड्यांवर फोडलं, थकव्याचं बेळ्ळंदूरच्या सिग्नलवर आणि थंडीचं बंगळूरवर. पुण्यातल्या माणसाच्या डोक्यात एक पक्कं बसलेलं असतं, बंगळूरची हवा गार. इथे भर एप्रिलमध्ये घामाने चिंब झालो तरी आमचा हा समज उतरत नाही. आईला फोनवर सांगितलं की मला इथे फार थंडी वाजते, तर तिने आनंदाने स्वेटर पाठवून दिला. वजन उतरलं, तेव्हा मैत्रिणींनी माझं अभिनंदन केलं.

एका दुपारी मी मीटरची टोकं स्पिरिटने पुसत होते. पुसत होते म्हणजे एका हाताने पुसत होते आणि दुसऱ्या हातावर डोकं टेकलं होतं. अक्का मागून आल्या, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “अंगात कसर आहे की काय गं तुझ्या?”

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे कसर हा शब्द एकाच कामाला उरला आहे. कष्टात कसर केली नाही, पाहुणचारात कसर ठेवली नाही. म्हणजे अक्का मला तोंडावर कामचुकार म्हणत होत्या. आठवडेच्या आठवडे मी त्या मीटरपुढे मान मोडून बसले होते, आणि वर हे. मी फणकाऱ्याने म्हटलं, कसर राहू देणार नाही मी, काळजी करू नका. अक्का माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना काहीतरी पुढे विचारायचं होतं असं वाटलं, पण माझा चेहरा पाहून त्या नुसतंच “सरी”, म्हणजे बरं, म्हणाल्या आणि गेल्या. त्या संध्याकाळी नवऱ्याला मी अक्कांच्या जुन्या मराठीवर एक सबंध व्याख्यान दिलं.

मग एका शुक्रवारी मी रजा टाकली आणि दिवसभर झोपून काढला. सोमवारी येऊन पाहते तो शुक्रवारचे आकडे सरळ रेषेत. शनिवार-रविवारी खोलीत कुणी नसताना मीटर आपला आपण मोजत राहतो, तेही सरळ. मी आले आणि दुपारी आकडे पुन्हा घसरले. आमचा मॅनेजर हिंदीत म्हणाला की मीटर मॅडमना घाबरतो. सगळे हसले. मी नाही हसले. महिनाअखेरीला ऑडिटर यायचे होते, आणि तोपर्यंत हे मिटलं नाही तर मीटर दुरुस्तीला परदेशी जाणार आणि मला त्या टेबलावरून उठवणार, हे मला दिसत होतं. घरी गेल्यावर मी रडले. मला थर्मामीटर लावून पाहावं हे कुणालाच सुचलं नाही, कारण रडायला कारण होतं.

दुसऱ्या दिवशी अक्का एक स्टूल घेऊन दाराशी बसल्या. हातात फोन नाही, कागद नाही, काही नाही. मला म्हणाल्या, तू रोजचं काम कर, मी इथे सुम्ने बसते. मला वाटलं, झालं, आता माझ्यावर पाळत. सकाळभर मी भांडी आपटावीत तशी केबल आपटत होते. जेवण झालं. मी स्वेटर चढवला. अक्का बसलेल्याच. मीटरकडे त्या पाहतच नव्हत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या, आणि मी मनातल्या मनात त्यांच्याशी कडाकडा भांडत होते.

“थांब,” अक्का एकदम म्हणाल्या. “हात तसाच ठेव.”

मी वर पाहिलं. माझा उजवा हात डोक्यावर होता आणि त्या हातात फूटपट्टी होती. फूटपट्टीचं टोक छतातल्या एसीच्या जाळीत होतं. हवा ज्या आडव्या पट्ट्यांमधून येते त्या पट्ट्या मी माझ्या खुर्चीपासून पलीकडे ढकलत होते. पदर सारखा करावा तसं मी हे करत होते. रोज करत असले पाहिजे, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. माझ्यावरची हवा मी वळवत होते ती थेट मीटरच्या तोंडावर. भिंतीवरचं थर्मामीटर दाराजवळ, त्याला याचा गंधही नव्हता.

अक्कांनी तिथेच उदबत्ती लावली. धुराची रेघ तिरकी होऊन बरोबर मीटरच्या टोकांवर जाऊन फुटली. पट्ट्या पूर्ववत केल्या, सुम्ने बसलो, आकडा हळूहळू वर चढला. पुन्हा वळवल्या, पुन्हा उतरला. मी टाळ्या पिटायच्याच काय त्या बाकी होत्या. इतक्या दिवसांचं जोखड एका फूटपट्टीने उतरलं होतं. मी मॅनेजरला सांगायला निघाले. अक्का मात्र स्टुलावरून उठल्याच नाहीत. त्यांनी विचारलं, पट्ट्या का वळवतेस? मी म्हटलं, थंडी वाजते म्हणून.

“खोली तेवीस आहे. सकाळीही तेवीस होती. सकाळी वाजते?”

“नाही.”

“आणि संध्याकाळी पट्ट्या परत सरळ करतं कोण?”

मी आठवून पाहिलं. संध्याकाळी मला उकडायचं. मानेवर घाम यायचा, मी स्वेटर काढायचे आणि मग, हो, पट्ट्याही मीच सरळ करत असणार.

“मग खोली जागेवर आहे,” अक्का म्हणाल्या. “सरकतंय कोण?”

मला अजूनही काही कळलं नव्हतं. अक्का कपाटाशी गेल्या आणि आमचं सगळ्यात चांगलं थर्मामीटर काढलं. प्लॅटिनमची बारीक कांडी असलेलं, बाकी थर्मामीटर ज्याच्याशी ताडून पाहतात ते. ती कांडी त्यांनी स्पिरिटने स्वच्छ पुसली आणि माझ्या काखेत दिली. असं लाडाचं थर्मामीटर बंगळूरमध्ये कुणाच्या काखेत गेलं असेल असं वाटत नाही. माझा ताप त्या दुपारी डिग्रीच्या हजाराव्या भागापर्यंत मोजला गेला. त्या सूक्ष्मपणाची काही गरज नव्हती, अडतीसच्या वर होता, म्हणजे घरच्या थर्मामीटरवर शंभरच्या पुढे. अक्कांनी कांडी काढून पुसली, पुन्हा लावली, पुन्हा मोजला. एकदा मोजलेलं त्या कधीच धरत नाहीत.

मग त्या म्हणाल्या, मी तुला विचारलं होतं की, अंगात कसर आहे का म्हणून. तेव्हा मला कळलं. त्यांच्या घरी कसर म्हणजे बारीक ताप. वरून न दिसणारा, अंगात मुरलेला. रात्री आईला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, हो, तुझी पणजी म्हणायची तसं. म्हणजे शब्द आमचाच होता. आम्ही तो पुण्यात हरवला आणि त्यांनी चामराजपेटमध्ये जपून ठेवला. मी त्याच्यावर फणकारले नसते तर आणखी आधी सुटले असते, पण ते असो.

अक्कांनी मॅनेजरला एवढंच सांगितलं की मीटरचा दोष सापडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः मला घेऊन डॉक्टरकडे गेल्या. छातीचा फोटो काढला. उजव्या फुप्फुसाच्या आवरणात पाणी साठलं होतं. ते काढून तपासलं, आणखी दोन-चार तपासण्या झाल्या. टीबी. तो शब्द ऐकून मी अक्कांचा हात धरला तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या की यातून पूर्ण बरं होता येतं, माझ्यापासून इतरांना धोका दिसत नाही, सहा महिने एकही दिवस न चुकवता गोळ्या घ्यायच्या. आणि असंच अंगावर काढलं असतं तर फुप्फुस आखडून गेलं असतं, मग गोळ्यांनीही ते पुरतं मोकळं झालं नसतं. एवढ्या लवकर कशा आलात, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की आमचा मीटर सरकत होता. त्यांना वाटलं, तापामुळे बोलतेय.

मीटरच्या तोंडावर आम्ही थर्मोकोलचं झाकण बसवलं. ऑडिटर आले, पाहिलं, गेले. मी महिनाभर घरी होते. आई येऊन राहिली. नवरा रोज सकाळी गोळ्या माझ्या तळहातावर ठेवून मी गिळेपर्यंत समोर उभा राहायचा, आणि मी त्याच्यावर खेकसायचे, आणि तो तरी उभा राहायचा. देवाने मला रागीट केलं आणि माझ्या वाट्याला माणसं मात्र न रागावणारी दिली. मी सगळ्यांची आभारी आहे. नवऱ्याची, आईची, त्या डॉक्टरांची, आणि हो, त्या नाजूक मीटरचीही. माझ्या अंगाचं गाऱ्हाणं मी ऐकत नव्हते, ते त्याने ऐकलं. पण मीटर काय, नुसता आकडा दाखवतो. आकड्यावरून नजर काढून माणसाकडे पाहायचं, हे अक्कांचं.

गोळ्यांचा कोर्स संपला, शेवटचा फोटो स्वच्छ आला, त्या रविवारी मी पुरणपोळ्या घेऊन चामराजपेटला गेले. खाली छापखाना, वर अक्कांचं घर. त्यांनी चित्रान्न केलं होतं, लिंबू पिळलेला पिवळाधमक भात, आणि पोटात जागा आहे का हे न विचारता वाढत होत्या. जेवता जेवता मी त्यांना विचारलं, की वारा लागतो म्हटल्यावर कुणीही जाळी पाहिली असती, पट्ट्या चिकटपट्टीने बंद केल्या असत्या आणि काम संपलं असतं. मला थंडी का वाजते, हे तुम्हाला विचारावंसं का वाटलं?

अक्कांनी माझ्या पानात आणखी भात वाढला. मग म्हणाल्या की त्यांना एक धाकटी बहीण होती. कॉलेजात होती. तिला दुपारी थंडी वाजायची.

“आम्ही सगळे तिचे लाड करायचो,” त्या म्हणाल्या. “आईने शाल दिली. मी माझा स्वेटर दिला. वडिलांनी खिडकीला पडदा लावला. घरात सात माणसं होतो आम्ही. एकानेही तिच्या अंगाला हात लावून पाहिला नाही.”

माझा घास हातातच राहिला. अक्कांनी डावा हात पुढे केला आणि पालथा करून माझ्या कपाळावर ठेवला. मला ताप नव्हता, आणि ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. त्यांनी तो बराच वेळ काढला नाही, आणि मीही हलले नाही.